झोपेच्या मोबदल्यात खोली

कमलिनी रामदुर्ग पुण्याच्या शिशिर संगीत सभेत वाजवणार असल्याची बातमी हेमांगीनं आणली, तेव्हा वैजयंती ओट्याशी उभी राहून तुरीच्या शेंगा सोलत होती. रामदुर्गबाईंचं व्हायोलिन म्हणजे हेमांगीचा जीव की प्राण. बाई आता ऐंशीच्या पुढं गेलेल्या. गेली काही वर्षं त्यांनी कार्यक्रम घेणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

"मी जाणार आहे," हेमांगी म्हणाली. "तू येतेस का, तेवढं विचारायला आले."

वैजयंतीचा हात थांबला. हेमांगी तिची मोठी नणंद. बार्शीत दोघींची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. हेमांगीनं लग्न केलं नाही. घराच्या वरच्या मजल्यावर ती व्हायोलिनचा क्लास चालवायची आणि खालच्या मजल्यावर आईला सांभाळायची. आईंचे आधी हात थरथरायला लागले, मग पाय अडखळायला लागले, शेवटी घास गिळवेना. कंपवातच तो. वैजयंती डबा पोचवायची, तिचा नवरा शेखर दवाखान्याच्या खेपा घालायचा. पण रात्री सगळ्या हेमांगीच्या वाट्याच्या. आई गेल्यालाही आता पाच वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत 'माझ्याबरोबर चल' असं हेमांगी कुणाला म्हणाल्याचं वैजयंतीला आठवत नव्हतं.

"येते की," ती म्हणाली. शाळेत परीक्षा तोंडावर आल्या होत्या, नववीचे भूगोलाचे पेपर काढायचे होते, हे तिनं मनातच ठेवलं.

तिकिटं सहज मिळाली. अडलं ते राहण्यावर. शनिवारी संध्याकाळचं सत्र आणि रामदुर्गबाई रविवारी सकाळी, म्हणजे मधली रात्र पुण्यात काढणं भागच. वैजयंती फोन घेऊन बसली. सभेच्या दिवसांत हॉटेलांचे भाव चढतात हे तिला ठाऊक होतं, पण आता ते भाव माणसं ठरवत नसत. कुठल्या गावाहून किती लोक खोली शोधताहेत हे बघून यंत्रच दर लावायचं. तिनं एक खोली पाहिली, शेखरला दाखवायला म्हणून आत गेली, परत येईतो दर वाढलेला. जणू तिचीच निकड त्याला कळली होती. जुन्या धर्मशाळेचं नाव तिला आठवलं. तिथं आता 'वारसा निवास' झाला होता आणि त्याचा दर बघून शेखर हसत सुटला. कोथरूडची मावसबहीण मुलाच्या एका खोलीच्या घरात राहायला गेलेली. तिला विचारणं म्हणजे अडचणीत टाकणं.

शेवटी शाळेतल्या एका बाईंनी निद्राघराचं नाव सांगितलं. मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका केंद्रानं टेकडीच्या पायथ्याशी बांधलेली वास्तू. स्वच्छ खोल्या, गरम पाणी, सकाळचा चहा-नाश्ता, आणि भाडं अगदी नाममात्र. अट एकच. रात्री गादी तुमची झोप टिपून घेणार.

"म्हणजे झोप गहाण टाकायची," हेमांगी म्हणाली.

"गहाण कसली ताई, आपल्याला तिचा काय उपयोग? सकाळी उठून फेकूनच देतो ना आपण?"

हेमांगीनं नको म्हटलं नाही.

शनिवारी दुपारी त्या पोचल्या. नोंदणीच्या खिडकीशी बसलेल्या मुलीनं दोघींना समोर बसवून सगळं नीट समजावलं. ती हे दिवसातून पन्नासदा सांगत असणार, तरी तिनं घाई केली नाही.

गादीखाली एक पातळ चादर अंथरलेली असते. हृदयाचा ठोका पडला की रक्ताच्या धक्क्यानं सगळं शरीर केसभर हलतं. आपल्याला ते कळत नाही, चादरीला कळतं. श्वास, कूस, बोटांची थरथर, सगळं ती टिपते. छताजवळ एक छोटी पेटी असते, तिच्यातून निघणाऱ्या लहरी शरीरावर आपटून परत येतात आणि अंधारात कोण किती हललं ते सांगतात. कॅमेरा नाही. आवाज टिपला जात नाही. लाखो रात्रींच्या नोंदी जमवून आता झोपेवरून पुढं होणारे काही आजार वर्षानुवर्षं आधी ओळखता येतात. केंद्राला हव्या असतात त्या अशा रात्री, साध्या माणसांच्या, साध्या बिछान्यातल्या. दवाखान्यात तारा लावून झोपवलं की माणूस स्वतःसारखा झोपत नाही.

"सकाळी चहाच्या वेळी आम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो," मुलगी म्हणाली. "तुमच्या झोपेबद्दल ऐकायचंय का? हो म्हणालात तर डॉक्टर भेटतील. नाही म्हणालात तर कुणी पुन्हा विचारणार नाही. काही निघालेलं असो वा नसो, प्रश्न सगळ्यांना तोच आणि डॉक्टरांकडचा वेळही सगळ्यांना सारखाच. म्हणजे विचारलं म्हणून कुणी घाबरायला नको."

"आणि काही निघालं तर घरच्यांना कळवता?" हेमांगीनं विचारलं.

"नाही. ज्याची झोप त्यालाच. तीही त्यानं मागितली तर."

खोली लहान पण नेटकी होती. शेजारीशेजारी दोन खाटा, मध्ये पाण्याचा तांब्या ठेवायला स्टूल. खिडकीतून टेकडी दिसत होती. हेमांगीनं आपली खाट भिंतीला टेकवता येईल का ते ओढून पाहिलं. खाट जमिनीला बोल्ट मारून बसवलेली होती. मग तिनं स्टूल उचललं आणि पार कोपऱ्यात नेऊन ठेवलं. "अडचण होते," म्हणाली.

संध्याकाळचं सत्र छान झालं. परतताना हेमांगी रिक्षात पूरियातली एक जागा पुन्हा पुन्हा गुणगुणत होती. वैजयंतीला तिचं हे रूप नवीनच होतं. आल्या आल्या दोघी झोपल्या.

उजाडायच्या सुमाराला वैजयंतीला जाग आली ती ओरडण्यानं. "धर, धर तिला, पडेल ती!" हेमांगी उताणी होती, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हात पुढं टाकून कुणाला तरी पकडायला धडपडत होती. एक हात खाटेच्या कडेवर जोरात आपटला. स्टूल मूळच्या जागी असतं तर तांब्यासकट आडवं झालं असतं. वैजयंती उठून तिच्याजवळ गेली, "ताई, ताई" म्हणत तिच्या खांद्यावर हात ठेवला. हेमांगीनं डोळे उघडले.

"काय झालं?"

"काही नाही. स्वप्न पडलं वाटतं तुम्हाला."

"असेल," हेमांगी म्हणाली आणि कूस बदलून झोपली. वैजयंतीला मात्र पुन्हा झोप आली नाही.

चहाच्या वेळी तो प्रश्न आला. जेवणघरात वीस-पंचवीस माणसं होती. बरीचशी सभेलाच आलेली, काही परीक्षा द्यायला आलेली मुलं, एक जोडपं दवाखान्याच्या कामासाठी. मुलगी एकेका टेबलाशी जाऊन हळू आवाजात विचारत होती.

"नको," हेमांगी लगेच म्हणाली. उपम्यावरून तिनं मानही वर केली नाही.

"मला ऐकायचंय," वैजयंती म्हणाली.

डॉक्टर नसरीन तांबोळी चाळिशीच्या, शांत बोलणाऱ्या. वैजयंतीच्या झोपेत काळजीसारखं काही नव्हतं. घोरणं होतं, श्वास मधूनच अडकत होता. वजन जरा उतरवा, कुशीवर झोपा, एवढंच. ते सांगून झालं तरी वेळ उरलाच होता.

"एक विचारू?" वैजयंती म्हणाली. "झोपेत माणूस हात उगारतो, ओरडतो, ते कशानं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "सर्वसाधारण सांगते. कुणा एकाबद्दल नाही."

"चालेल."

"आपण स्वप्नात पळतो, भांडतो, पडतो. पण अंग जागेवरच असतं. कारण स्वप्न पडत असताना मेंदूच्या देठाशी असलेला एक छोटासा भाग अंगाला कुलूप लावतो. काही जणांत ते कुलूप ढिलं होतं. मग स्वप्नातलं भांडण हातापायांत उतरतं. पहाटे जास्त, कारण स्वप्नाची झोप पहाटे जास्त असते. कधी ते ताणानं होतं, कधी एखाद्या गोळीनं. पण उतारवयात ते टिकून राहिलं, तर पुष्कळदा पुढच्या काही वर्षांत कंपवात येतो. ज्या पेशी कुलूप सांभाळतात त्या आधी जातात, हात सांभाळणाऱ्या नंतर."

"आणि मग? आधी कळून काय करायचं?" वैजयंतीनं विचारलं.

"पाच वर्षांपूर्वी हेच विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, काही नाही. आता औषध आहे. हात थरथरायच्या आधी सुरू केलं तर निम्म्याहून जास्त लोकांत आजार तिथंच थांबतो. थरथर सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. आणि त्याची एक किंमत आहे. ते औषध स्वप्नाची झोपच दाबून टाकतं. ते घेणाऱ्यांना स्वप्नं जवळजवळ पडत नाहीत. काहींना त्याचं काही वाटत नाही. काही जण रडतात."

वैजयंती म्हणाली, "माझ्या नणंदबाई बरोबर आहेत. त्यांनी नको म्हटलंय."

"मग मी त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलू शकत नाही. तुमच्याशी नाही आणि त्यांच्याशीही नाही." "यंत्रानं काय पाहिलं ते त्यांचं. तुम्ही काय पाहिलं ते तुमचं. त्याचं काय करायचं ते मला सांगता येणार नाही."

सभामंडप भरून गेला होता. हेमांगीनं पुढची जागा धरून ठेवली होती. रामदुर्गबाईंना दोघा शिष्यांनी हाताला धरून आणलं. बसायला वेळ लागला, वाद्य जुळवायला त्याहून जास्त. मग त्यांनी तोडी सुरू केली आणि म्हातारपण कुठल्या कुठं गेलं. गज इतका हलका फिरत होता की सूर सुरू कधी झाला ते समजू नये. वैजयंतीला रागातलं फारसं कळत नव्हतं. ती हेमांगीच्या मांडीकडे बघत होती. साडीच्या काठावर हेमांगीच्या डाव्या हाताची बोटं बाईंच्या बोटांबरोबर चालत होती. एकही बोट चुकत नव्हतं, थरथरत नव्हतं.

आत्ता बोलले नाही तर कधी, असं तिला वाटत होतं. आणि बोलले तर ही सकाळ पुन्हा येणार नाही, असंही. ज्या बाईनं स्वच्छ 'नको' म्हटलंय तिच्यावर ते लादायचा आपल्याला काय अधिकार? पण रात्र एका खोलीत काढल्यावर डोळ्यांनी पाहिलेलं न पाहिल्यासारखं कसं करायचं? बार्शीतल्या घरात हेमांगी एकटी झोपायची. तिथं पाहणारं कुणी नव्हतंच. बाईंचं वाजवणं संपेपर्यंत काही बोलायचं नाही, एवढं तिनं ठरवलं.

कार्यक्रम संपल्यावर दोघी मागच्या बागेत बाकावर बसल्या. स्टॉलवरून वैजयंतीनं कॉफी आणली. हेमांगीचे डोळे अजून ओले होते.

"ताई, रागवणार असलात तरी बोलते."

"पहाटेचं ना?" हेमांगी म्हणाली.

वैजयंतीनं मान हलवली.

"तू त्या डॉक्टरीणबाईंकडून आलीस तेव्हाच तुझा चेहरा वाचला मी. त्यांनी सांगितलं तुला माझं?"

"नाही. तुमच्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मी स्वतः पाहिलं."

हेमांगीनं कॉफीचा कप बाकावर ठेवला. "गेली दोन वर्षं मी खाटेवर झोपत नाही. दोनदा पडले. खाट वर क्लासच्या मुलींना बसायला दिली. मध्ये हाताला टाके पडले, तेव्हा तुम्हाला दार लागलं म्हणून सांगितलं, आठवतं? माझं मला कळलंय वैजू. कळलं म्हणूनच नको म्हटलं. आईचं पहिल्या दिवसापासून शेवटच्यापर्यंत मी पाहिलंय. आधी कळून काय केलं आपण तिचं? फक्त ती आधीपासून घाबरली."

"तेव्हा औषध नव्हतं."

"आता आहे?"

वैजयंतीनं ऐकलं होतं तसं सगळं सांगितलं. उपयोग कुणाला होतो, कधी होत नाही, आणि नक्की असं काहीच नाही हेही. स्वप्नांचं सांगताना ती अडखळली, पण तेही सांगितलं.

बागेतली माणसं पांगत होती.

"काय ओरडत होते मी?" हेमांगीनं विचारलं.

"धर तिला, पडेल ती."

"आई," हेमांगी म्हणाली. "रोज तीच येते. मोरीच्या उंबऱ्याशी उभी असते, तोल जातो, आणि मी धरायला धावते. एकदाही हाती लागत नाही. रोज वाटतं, आज धरीन." "औषध घेतलं की ती यायची बंद होईल, असंच ना?"

"बहुतेक."

"वाईट स्वप्न आहे ते. पण येते तरी. फोटोत बघते ती आई निराळी वाटते गं मला."

वैजयंतीला समजुतीचं काहीतरी बोलायचं होतं. आई मनात असतातच, वगैरे. ते खोटं नव्हतं, पण या बाईला ते ऐकवणं तिला बरं वाटलं नाही. ती म्हणाली, "मी तुम्हाला घ्या म्हणणार नाही, नका घेऊ असंही म्हणणार नाही. पण माहीत नसताना ठरवलंत असं व्हायला नको, म्हणून बोलले."

"तू बोलली नसतीस तर बरं झालं असतं," हेमांगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी आपली मनाशी ठरवून टाकलं होतं. जितकं वाजवता येईल तितकं वाजवायचं, मग बंद करायचं. आता पुन्हा पहिल्यापासून विचार करणं आलं."

स्वारगेटला जायला त्यांनी रिक्षा केली. अर्ध्या वाटेत हेमांगीनं रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.

"दादा, वळवा. टेकडीजवळ जायचंय."

निद्राघरातली मुलगी त्यांना बघून चकित झाली नाही. असे परत येणारे असतात, ती म्हणाली. तिनं तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारला, आणि हेमांगी "हो" म्हणून आत गेली. वैजयंती बाहेरच्या बाकावर बसली. आत जाणाऱ्या प्रत्येकाला सारखाच वेळ मिळतो, दारावरून काही ओळखता येऊ नये म्हणून, हे ठाऊक असूनही ती दाराकडेच बघत होती. मधल्या वेळात तिनं मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला आणि सोमवारची रजा मागितली. परीक्षेच्या तोंडावर रजा कसली, असा प्रश्न आला. "घरचं आहे," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं बोलणं मुकाट ऐकून घेतलं. मग शेखरला फोन केला. तो काळजीनं विचारत राहिला. "ताई स्वतः सांगतील तुम्हाला. मी नाही सांगणार," एवढंच तिनं सांगितलं.

हेमांगी बाहेर आली. रडलेली दिसत नव्हती. थकलेली मात्र दिसत होती, लांबचा प्रवास करून आल्यासारखी.

"एका रात्रीवरून त्या नक्की म्हणत नाहीत. आणखी एक रात्र बघायचीय. उद्या सकाळी रक्त, मला वास नीट येतो का त्याची तपासणी, आणि मग गोळ्यांचं." ती वैजयंतीशेजारी बसली. "तू निघ आता. पाचची गाडी मिळेल."

"मी रजा काढलीय."

"परीक्षा आहेत ना तुमच्या?"

"आहेत. होतील."

हेमांगीनं तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. जरा वेळानं म्हणाली, "गोळ्या सुरू करीन म्हणते. तपासण्यांत तेच निघालं तर उद्यापासून चालेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. मी विचारलं त्यांना, मध्ये एखादा दिवस सोडला तर? वर्षातून एकदा, आईच्या तिथीला वगैरे. म्हणाल्या, असा प्रश्न अजून कुणी विचारला नव्हता. विचारून सांगतील."

खोली वेगळी मिळाली, खालच्या मजल्यावरची. हेमांगीनं खिडकीतल्या मुलीला विचारलं की खाटा नकोत, गाद्या जमिनीवर टाकल्या तर चालतील का. मुलीनं आतून कुणाला तरी बोलावलं. चादरी जमिनीवरही तितक्याच चांगल्या चालतात, असं उत्तर आलं. दोन गाद्या शेजारीशेजारी अंथरल्या गेल्या. ऊन अजून खिडकीत होतं. हेमांगीनं पिशवीतून उशीचे अभ्रे काढले, घडी उलगडली, आणि गाद्यांकडे बघत उभी राहिली.

"वैजू, तू भिंतीकडच्या गादीवर झोप. आणि आपल्यात हातभर जागा सोडू. पहाटे मी हात टाकते."

"टाका," वैजयंती म्हणाली. "पण आज पडायच्या आत धरा त्यांना."

हेमांगी हसली. वैजयंतीनं भिंतीकडची गादी ओढून तिच्या गादीला चिकटवली आणि अभ्रा घालायला उशी मागितली.